गाठ विरघळली, मग अँजिओग्राफी कशाला?

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या सभागृहात झालेल्या आरोग्यविषयक भाषणाचे शब्दांकन. भाषणानंतर सभासदांनी विचारलेले काही प्रश्न शेवटी दिले आहेत.)



पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा जिन्याखाली मुलांच्या तीनचाकी सायकली उभ्या असायच्या. आता बहुतेक प्रत्येक घरात बीपीचं मशीन आहे. त्यामुळे कमिटीने मला हृदयविकारावर बोलायला सांगितलं यात आश्चर्य नाही. पण तेल कमी खा, रोज चाला, सिगारेट सोडा हे तुम्ही इतक्या वेळा ऐकलं आहे की मी अकराव्यांदा सांगून काही फरक पडणार नाही. मी आज एकाच प्रश्नावर बोलणार आहे. तो मला गेल्या वर्षी गणपतीत फोनवर विचारला गेला.

बी विंगमधले आपले एक स्नेही गणपतीला कोकणात गावी गेले होते. त्यांच्या परवानगीने सांगतोय, ते इथेच बसले आहेत, नाव घेत नाही. पहाटे छातीत जड वाटायला लागलं, डावा हात भरून आला, अंगाला दरदरून घाम. आधी सगळ्यांना वाटलं ॲसिडिटी, आदल्या दिवशी मोदक जास्त झाले. मुलाने मात्र ऐकलं नाही, गाडी काढली आणि तालुक्याच्या गावी घेऊन गेला. तिथल्या तरुण डॉक्टरने ईसीजी काढला, हार्ट अटॅक आहे हे ओळखलं आणि अर्ध्या तासाच्या आत गाठ विरघळवायचं इंजेक्शन दिलं. तासाभरात दुखणं थांबलं. डॉक्टरने सांगितलं, आता यांना अँजिओग्राफी होते अशा ठिकाणी आजच हलवा.

आणि मग फोन आला. "डॉक्टर, इंजेक्शनने गाठ विरघळली. दुखणं गेलं. ईसीजी पण सुधारला म्हणतात. मग आता अँजिओग्राफी कशाला? विसर्जन झालं की सावकाश येतो ना." मागून वहिनींचा आवाज, "पैसे काढायला सांगतात हो ते."

प्रश्न चुकीचा नाही. जे दुखत होतं ते थांबलं, तर पुढे काय शोधायचं? त्याचं उत्तर द्यायचं तर आपल्या सोसायटीच्या पाइपांपासून सुरुवात करावी लागेल.

दोन वर्षांपूर्वी ए विंगची पाण्याची जुनी लोखंडी लाइन चोकअप झाली होती, आठवतं? प्लंबर आला, त्याने कचरा काढला, पाणी सुरू झालं, आपण त्याला पैसे दिले. पंधरा दिवसांनी त्याच जागी पुन्हा चोकअप. तेव्हा त्याने पाइप कापून दाखवला. आत गंजाचा एवढा थर, मधून करंगळी जाईल एवढीच वाट. कचरा अडकला तो त्या अरुंद जागी अडकला. कचरा काढला, पण जागा अरुंद ती अरुंदच.

हार्ट अटॅकमध्ये साधारण असंच होतं. हृदयाच्या स्नायूला रक्त देणाऱ्या धमन्या असतात. त्यांच्या भिंतीत वर्षानुवर्षं चरबीचा थर साचतो. तो एखाद्या दिवशी फुटतो, त्यावर रक्ताची गाठ धरते आणि धमनी पूर्ण बंद होते. इंजेक्शन विरघळवतं ती गाठ. थराला ते हात लावत नाही.

पाइपाचं उदाहरण एवढ्यापुरतंच खरं आहे हेही सांगून ठेवतो. धमनीतला थर गंजासारखा आतून चिकटलेला नसतो, तो भिंतीच्या आत असतो, कातडीखाली गळू असावं तसा. म्हणून तो ॲसिड टाकून धुता येत नाही. व्हॉट्सॲपवर लिंबू, आलं, लसणाचा काढा फिरतो, त्याने तो साफ होत नाही. आणि दुसरी गोष्ट, फुटणारा थर नेहमी सगळ्यात मोठा असतो असंही नाही. पुष्कळ वेळा आधी मध्यम दिसणाऱ्या जागीच अटॅक येतो. त्यामुळे "माझी स्ट्रेस टेस्ट गेल्या वर्षी चांगली होती" असं म्हणणाऱ्यालाही अटॅक येतो.

आता त्या इंजेक्शनविषयी थोडं. कारण त्याला बरेच लोक "रक्त पातळ करण्याचं इंजेक्शन" म्हणतात आणि तिथे घोटाळा होतो. रक्त पातळ करणारी औषधं, म्हणजे ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, हेपारिन, ही नवी गाठ होऊ नये म्हणून असतात. झालेली गाठ विरघळवणारी औषधं वेगळी. त्यातलं जुनं म्हणजे स्ट्रेप्टोकायनेज. घसा दुखवणारे स्ट्रेप्टोकोकस जंतू रक्ताची गुठळी विरघळवतात हे १९३३ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरला टिलेट आणि गार्नर यांनी दाखवलं. पण ते हृदयासाठी नीट वापरात यायला पन्नास वर्षं गेली. कारण अटॅकमध्ये गाठ आधी होते की नंतर, यावरच डॉक्टरांचं एकमत नव्हतं! १९८० मध्ये डीवुड नावाच्या डॉक्टरांनी अटॅकच्या पहिल्या चार तासांत अँजिओग्राफी करून पाहिली. शंभरात सत्त्याऐंशी रुग्णांची धमनी पूर्ण बंद. मग वाद संपला.

पुढे १९८८ मध्ये सतरा हजारांहून जास्त रुग्णांवरचा एक मोठा अभ्यास आला. ज्यांना ना स्ट्रेप्टोकायनेज मिळालं ना ॲस्पिरिन, त्यांच्यातले शंभरात तेरा जण पाच आठवड्यांत दगावले. ज्यांना दोन्ही मिळालं त्यांच्यातले आठ. शंभर माणसांमागे पाच घरं वाचली, आणि त्यातलं अर्धं काम एका अगदी स्वस्त गोळीने केलं. म्हणून कोकणातल्या त्या तरुण डॉक्टरने जे केलं ते सोन्यासारखं होतं. जिथे दोन तासांत अँजिओप्लास्टी होणं शक्य नाही, तिथे हे इंजेक्शन हाच योग्य उपचार आहे. तो दुय्यम उपचार आहे असं कुणी समजू नये.

पण इंजेक्शन सगळं करतं असंही नाही. १९९३ मध्ये एका अभ्यासात इंजेक्शननंतर दीड तासाने धमनी उघडून पाहिली. त्या काळच्या नव्या औषधाने साधारण निम्म्या रुग्णांत रक्त पूर्ण वेगाने वाहत होतं. स्ट्रेप्टोकायनेजने तर तिघांत एकाच्या आसपास. बाकीच्यांत थेंब थेंब किंवा बंदच. त्याच वर्षी नेदरलँड्समधून आणखी एक अभ्यास आला. ज्यांची धमनी इंजेक्शनने उघडली होती अशांचीच तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी केली. चौघांत एकाची, काही गटांत त्याहून जास्त जणांची, तीच धमनी पुन्हा बंद झालेली होती. जितकी वाट जास्त अरुंद राहिली होती, तितकी बंद पडायची शक्यता जास्त. आणि त्यातल्या बऱ्याच जणांना कळलंही नव्हतं. दुखलंच नाही.

हे मी पुस्तकातून सांगतोय, पण मला ते शिकवलं एका एसटी कंडक्टरने. १९९१ ची गोष्ट. मी तेव्हा एका जिल्ह्याच्या गावी होतो. शेहेचाळीस वर्षांचा माणूस, ड्यूटीवर असतानाच अटॅक आला, ड्रायव्हरने प्रवाशांसकट गाडी हॉस्पिटलच्या दारात आणून उभी केली. पंधरा लाख युनिट स्ट्रेप्टोकायनेज तासाभरात सलाइनमधून दिलं. मी शेजारी स्टूल टाकून बसलो होतो. दुखणं गेलं, ईसीजी खाली आला, चेहऱ्यावर रंग आला. दहाव्या दिवशी घरी सोडताना मी गोळ्या लिहून दिल्या आणि म्हटलं, "पुण्याला जाऊन सवडीने अँजिओग्राफी करून घ्या." सवडीने. हा शब्द माझाच. त्याने पेरण्या उरकून जायचं ठरवलं. पाचव्या आठवड्यात तो परत आला, त्याच जागेचा अटॅक, या वेळी मोठा. स्ट्रेप्टोकायनेज पुन्हा देता येत नाही, शरीरात त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार झालेली असतात. दुसरं औषध त्या गावात नव्हतं. संध्याकाळी तो गेला. त्याची बायको मला म्हणाली, "साहेब, तुम्ही तर बरं केलं होतं ना?"

त्या काळी सगळेच डॉक्टर "सवडीने" म्हणत, आणि त्याला कारण होतं. इंजेक्शन दिल्यावर लगेच फुगा घालून धमनी रुंद करायचे प्रयोग १९८७-८८ मध्ये झाले होते आणि त्यात रुग्णांना फायदा झाला नाही, उलट रक्तस्राव वाढला. स्टेंट नव्हते, आजच्यासारखी औषधं नव्हती. म्हणून थांबा, पुन्हा त्रास झाला तरच अँजिओग्राफी करा, असा रिवाज पडला. तो तेव्हा चुकीचा नव्हता. पण पुढे स्टेंट आले, औषधं सुधारली, आणि हिशेब बदलला. स्पेनमध्ये पाचशे रुग्णांचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. इंजेक्शननंतर चोवीस तासांत अँजिओग्राफी करून गरज असेल तर स्टेंट घातलेल्यांमध्ये वर्षभरात मृत्यू, पुन्हा अटॅक किंवा पुन्हा अँजिओप्लास्टी-बायपास करायची वेळ ही शंभरात नऊ जणांवर आली. वाट पाहणाऱ्या गटात एकवीस जणांवर. २००९ मध्ये कॅनडातून हजारावर रुग्णांचा अभ्यास आला, त्याचाही कल तोच. प्रामाणिकपणे सांगायचं तर या अभ्यासांत फरक पडला तो मुख्यतः पुन्हा होणाऱ्या त्रासात आणि अटॅकमध्ये. मृत्यूंच्या आकड्यात मोठा फरक दिसला नाही. पण पुन्हा आलेला अटॅक म्हणजे काय, हे ज्याच्या घरात झालंय त्याला विचारा.

म्हणून आताची पद्धत अशी आहे. इंजेक्शन दिलं की रुग्णाला लगेच मोठ्या केंद्राकडे हलवायचं. तासा-दीड तासाने पुन्हा ईसीजी काढायचा. त्यात वर चढलेली रेघ निम्म्याहून जास्त खाली आली नाही, किंवा दुखणं चालूच राहिलं, तर इंजेक्शन लागू पडलं नाही असं धरून ताबडतोब अँजिओप्लास्टी. लागू पडलं असेल तर साधारण दोन ते चोवीस तासांच्या दरम्यान अँजिओग्राफी. तमिळनाडूत छोटी रुग्णालयं आणि मोठी केंद्रं अशी जोडून ही पद्धत राबवली. तिथल्या अडीच हजारांच्या आसपास रुग्णांमध्ये अँजिओग्राफीचं प्रमाण शंभरात पस्तीसवरून साठपर्यंत गेलं आणि वर्षभरातले मृत्यू साडेसतरावरून चौदापर्यंत उतरले. आपल्याच देशातली ही गोष्ट आहे.

आता वहिनींचा मुद्दा. पैसे काढायला सांगतात का? मी पस्तीस वर्षं या धंद्यात काढली, तेव्हा "असं कधीच होत नाही" म्हटलं तर तुम्ही हसाल. गरज नसताना स्टेंट घातल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत. पण ती बहुतेक वेगळ्या प्रकारची. चालताना थोडं दुखतं किंवा काहीच दुखत नाही, सहज तपासणी केली आणि घाबरवून दोन स्टेंट घातले. तिथे दुसऱ्या डॉक्टरचं मत जरूर घ्या, आठवडाभर घ्या. ताजा अटॅक येऊन गेलाय, इंजेक्शन दिलंय, अशा वेळी तो विचार करायला वेळ नसतो. शिवाय अँजिओग्राफी म्हणजे स्टेंट नव्हे. ती पाहणी आहे. हाताच्या मनगटातून बारीक नळी घालून करतात, बहुधा पाऊण तासाच्या आत होते. काही जणांत उरलेली गाठ एक-दोन दिवसांत आपोआप विरघळते आणि खाली फारसा अडथळा नसतोच, तेव्हा औषधांवरच ठेवतात. काहींच्या तीनही धमन्यांत अडथळे निघतात आणि बायपास बरा पडतो. आत काय आहे ते पाहिल्याशिवाय यातलं काहीच ठरवता येत नाही.

खर्चाचं म्हणाल तर फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली. औषध लावलेला स्टेंट तेव्हा एकोणतीस हजार सहाशेवर आणला, आधी तो लाखाच्या वर जायचा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी बसते. रेशनकार्ड घरात कुठे आहे ते आजच शोधून ठेवा, रात्री दोन वाजता सापडत नाही.

आपले स्नेही त्याच संध्याकाळी निघाले. फोनवर मी थोडा ओरडलो होतो, त्याची आज जाहीर माफी मागतो. हृदयाच्या पुढच्या बाजूची मुख्य धमनी नव्वद टक्के अरुंद होती आणि तिच्यात उरलेल्या गाठीचा लोंबता तुकडा होता. स्टेंट घातला. विसर्जन मुलाने केलं.

(यानंतर प्रश्नोत्तरे झाली. निवडक प्रश्न देत आहोत.)

प्रश्न : माझ्या मेहुण्यांना तीन आठवड्यांपूर्वी गावी अटॅक आला, इंजेक्शन दिलं, पण अँजिओग्राफी केली नाही. आता वेळ गेली का?

उत्तर : गेली नाही. पण या आठवड्यात हृदयरोगतज्ज्ञांना दाखवा. टूडी इको करतील, मग अँजिओग्राफीचं ठरवतील. एक लक्षात ठेवा, धमनी पूर्ण बंद होऊन बरेच दिवस गेले असतील आणि काही त्रास नसेल, तर ती उघडून सहसा फायदा होत नाही. २००६ मध्ये दोन हजारांवर रुग्णांच्या अभ्यासात ते दिसलं आहे. तेव्हा "स्टेंट नको, गोळ्या घ्या" असं तज्ज्ञांनी सांगितलं तर नाराज होऊ नका. आणि तोवर पुन्हा छातीत दुखलं तर आठवड्याची वाट पाहायची नाही, सरळ हॉस्पिटल.

प्रश्न : स्टेंट घातल्यावर गोळ्या किती दिवस? मला दात काढायचा आहे, डेंटिस्ट म्हणतात बंद करा.

उत्तर : अटॅकनंतर दोन रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या साधारण वर्षभर, मग एक कायम. कमी-जास्त करायचं ते तुमच्या हृदयाच्या डॉक्टरांनी. दातासाठी परस्पर बंद करू नका. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी फोनवर बोलायला लावा. बहुतेक वेळा गोळ्या चालू ठेवूनच दात काढता येतो. कोलेस्टेरॉलची गोळी रिपोर्ट चांगला आला म्हणून सोडणारे मला दर महिन्याला भेटतात. रिपोर्ट त्या गोळीमुळे चांगला आलेला असतो.

प्रश्न : हे इंजेक्शन कुणालाही चालतं का? माझ्या सासूबाई एक्क्याऐंशी वर्षांच्या आहेत.

उत्तर : नाही. आधी मेंदूत रक्तस्राव झाला असेल, अलीकडे मोठं ऑपरेशन किंवा डोक्याला मार असेल, कुठून रक्त जात असेल, तर देत नाहीत. सगळी काळजी घेऊनही शंभरात साधारण एकाला मेंदूत रक्तस्राव होतो, आणि वय जास्त तितका धोका जास्त. पंच्याहत्तरीपुढे टेनेक्टेप्लेजचा डोस निम्मा करतात. म्हणून आजींचा जुना आजार, जुनी ऑपरेशनं, चालू गोळ्या हे सगळं एका कागदावर लिहून फ्रीजला चिकटवा. ॲम्ब्युलन्सवाले विचारतील तेव्हा सुनेला आठवत नाही, आणि मुलगा ऑफिसात असतो.

प्रश्न : गावाहून इकडे आणताना बरोबर काय घ्यायचं?

उत्तर : इंजेक्शनआधीचा ईसीजी आणि नंतरचा ईसीजी. दोन्ही. इंजेक्शनचं नाव, डोस, आणि किती वाजता दिलं ती वेळ. मोबाइलवर फोटो काढून पुढच्या हॉस्पिटलला आधीच पाठवा, तुम्ही पोचेपर्यंत ते तयारी करतात. आणायचं ते ॲम्ब्युलन्सने, १०८ ला फोन करा, आपल्या गाडीच्या मागच्या सीटवर आडवं करून नाही. वाटेत ठोके बिघडले तर शॉक देणारं मशीन ॲम्ब्युलन्समध्ये असतं, तुमच्या गाडीत नसतं.

आणि इथलंही सांगतो, विषय निघालाच आहे तर. आपल्या लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावत नाही हे सी विंगच्या लोकांना माहीत आहे. छातीत दुखणाऱ्याला जिन्याने चालवत खाली आणायचं नाही. कमिटीने एक व्हीलचेअर घेतली आहे, ती वॉचमनच्या केबिनमागे ठेवली आहे. तिला कुलूप होतं, किल्ली सेक्रेटरींकडे असायची. कालपासून कुलूप काढलं आहे.